चीफ थेट बोलत नसतो

कुवेतमध्ये एखाद्या लग्नात किंवा मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की समोरची बाई आधी विचारते, मिस्टर कुठे असतात, आणि मग विचारते, तुम्ही काय करता. मी शाळेत शिकवते असं म्हटलं की तिचे डोळे चमकतात, कारण प्रत्येकीला मुलासाठी गणिताची शिकवणी हवी असते. मग मी सांगते, इतिहास. डोळे विझतात. एकीने तर "अच्छा, आणि?" असं विचारलं होतं. आणि काही नाही. हवल्लीतल्या एका शाळेत मी माझं सगळं नोकरीचं आयुष्य फक्त इतिहास शिकवला आणि गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. माझं आडनाव मुकादम, गाव मुरूड. शाळेत मी सगळ्यांची मुकादम मिस.

मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी मला माझ्या नोकरीचा प्रवास लिहायला सांगितला होता. प्रवास खैतान भागातल्या घरापासून शाळेपर्यंत बसने असायचा, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पण या धंद्यातली एक अडचण बाहेरच्या लोकांना ठाऊक नसते, ती सांगते. मुरूडच्या शाळेत इतिहासाच्या मास्तरांना एक सोय होती. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते सगळे मेलेले असायचे. आमच्या हवल्लीच्या वर्गात ते बाकांवर बसलेले असायचे. इजिप्तचे, सीरियाचे, लेबनानचे, पाकिस्तानचे, फिलिपिन्सचे, आपले. कुठल्याही राजाला नावं ठेवली की तिसऱ्या बाकावर कोणीतरी दुखावलं जाई. एका इजिप्शियन वडिलांनी मला भेटून, पुस्तकात पिरॅमिडला दोनच पानं का, असं विचारलं होतं. पानं मी मोजून देत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. एकट्या नेपोलियनबद्दल मी मोकळेपणाने बोलत असे. मग एका वर्षी वर्गात फ्रेंच मुलगा आला.

आठवीला एक धडा होता. युरोपातले लोक येण्याआधी आफ्रिकेत जी छोटी छोटी राज्यं होती, तिथलं शिक्षण आणि व्यापार. सम्राट म्हणावं इतका मोठा नाही आणि पाटील म्हणावं इतका लहान नाही, असा एकेक चीफ असायचा. शाळेची इमारत नव्हती, पण शिकणं होतं. लोहाराचं मूल भात्यापाशी बसून शिकायचं, विणकराचं मागापाशी. एका वयाची मुलं एकत्र कामाला जुंपली जायची आणि संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी, कोडी, घराण्यांची नावं ऐकायची. किनाऱ्यावरचं मीठ आतल्या मुलखात जायचं, आतलं सोनं आणि सुपारीसारख्या चघळायच्या कोलाच्या बिया बाहेर यायच्या. मला हा धडा आवडायचा. मुलांना आवडायचा नाही, कारण त्यात लढाई नव्हती.

एका वर्षी आमच्या हेडमिस्ट्रेस मॅडमनी फर्मान काढलं की प्रत्येक शिक्षकाने एक धडा 'करून' दाखवायचा आणि त्याला पालकांना बोलवायचं. मॅडम लेबनानच्या. बाई मनाने चांगल्या, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा फोटो लागायचा. मी आफ्रिकेचा धडा घेतला म्हटल्यावर त्या खूश झाल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी मला ढोल, पिसं आणि गवताचे घागरे यांची चित्रं पाठवली.

शाळेत गणित शिकवणारे ओवुसू सर घानाचे. उंच, सावकाश बोलणारे, कायम कोट-टायमध्ये. मी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं की तुमच्याकडे पूर्वी मुलं नेमकी कशी शिकायची. त्यांनी पेपर तपासणं थांबवून माझ्याकडे शांतपणे पाहिलं. म्हणाले, ते शहरात वाढले, वडील पोस्टात कारकून, आणि ही सगळी माहिती त्यांनी माझ्यासारखीच पुस्तकात वाचली आहे. मग विचारलं, "तुम्ही मुरूडला साप पकडत होता का?"

मी कबूल केलं की सापाला मी फार घाबरते. मग सांगितलं की आमच्या किल्ल्यावरचे सिद्दी नवाब मात्र आफ्रिकेतून आलेले. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, ते पूर्वेकडचे असणार, आम्ही पश्चिमेचे, पण तरी मुरूडच्या इतिहासासाठी तुम्ही माझी मदत मागायला हरकत नाही. तेव्हापासून आमचं जमलं.

आधी व्यापार करायचं ठरलं. पुस्तकात मुक्या व्यापाराची हकीकत होती. एक जण माल जमिनीवर ठेवून लांब जाऊन उभा राहतो. दुसरा येतो, शेजारी आपला माल ठेवतो आणि लांब जातो. पटलं तर पहिला तो उचलून नेतो, नाही पटलं तर पुन्हा मागे जाऊन वाट पाहतो. तोंडातून शब्द नाही. हे खरंच असं चालायचं की जुन्या प्रवाशांनी तिखटमीठ लावून सांगितलं, यावर जाणकारांचं एकमत नाही. मी मुलांना तेही सांगितलं. त्यांना त्याच्याशी काही घेणं नव्हतं, करून बघायचं होतं.

अट एवढीच होती की माल स्वतःच्या हाताने केलेला हवा आणि तो करायला घरातल्या मोठ्या माणसाकडून शिकलेला हवा. इथेच गंमत झाली. परदेशातल्या घरात आजी-आजोबा नसतात आणि आई-बापांच्या हातात जे कसब असतं ते कीबोर्डवरचं. तरी मुलांनी आणलं. केरळच्या एका मुलीने केळ्याचे वेफर तळून आणले, एका सीरियन मुलीने दोऱ्याची कंकणं. एका मुलाचे वडील बँकेत मॅनेजर. त्यांना हाताने फक्त सही करता येते. तो कागदाच्या तुकड्यांवर झोकदार सह्या करून घेऊन आला, आणि सगळ्यांत आधी त्याच खपल्या. आणखी एकाच्या वडिलांचा बकाला, म्हणजे आपलं किराणा दुकान. त्याला व्यापारातलं मीठ हा मुद्दा फार पटला होता. त्याने मिठाचं अख्खं पोतं ओढत आणलं, स्वतः केलेलं नसताना. थोड्याच वेळात बास्केटबॉलच्या मैदानावर जिकडे तिकडे मीठ झालं आणि एका सहीसाठी पिशवीभर मीठ पडू लागलं. एखादी वस्तू लांबून आणि थोडीच येते म्हणून महाग असते, हे मला फळ्यावर समजावून सांगावं लागलं नाही.

एवढ्यात मॅडम आल्या. आठवीचे दोन्ही वर्ग मैदानात आहेत आणि टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता आहे, हे पाहून त्यांचा चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, कोणाला काही झालं का.

झालं होतं ते निराळंच. वेफरवाली आणि कंकणवाली यांचं भांडण जुंपलं होतं, तेही न बोलता. एक नाक उडवायची, दुसरी भुवया. दोघींच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. तेव्हा ईश्वरी मधे जाऊन उभी राहिली. ईश्वरी बिराजदार, आपल्या लातूरकडची. वर्गात तोंडातल्या तोंडात बोलणारी, उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी. त्या दिवशी ती रिकाम्या हाताने आली होती. आईला वेळ नव्हता, बाबांना वेळ नव्हता, असं तिने मला आधीच सांगितलं होतं. तिने वेफरांतले थोडे उचलून बाजूला ठेवले, कंकणांतलं एक उचललं, एकीकडे पाहून मान हलवली, दुसरीकडे पाहून हात जोडले, आणि सौदा झाला. दोघीही आपणच जिंकलो अशा तोऱ्यात परत गेल्या.

ओवुसू सर खिडकीतून बघत होते. नंतर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांची आजी त्यांना चीफच्या दरबारात घेऊन जायची. त्यांना फुटबॉल खेळायचा असायचा, त्यामुळे मुख्यतः कंटाळाच आठवतो. पण एक गोष्ट लक्षात राहिली होती. चीफ कधी थेट बोलत नसे. तो हळू आवाजात पुटपुटायचा आणि शेजारी काठी घेऊन उभा असलेला वक्ता ते मोठ्याने, नीटनेटकं करून लोकांना सांगायचा. लोकांनाही जे सांगायचं ते वक्त्यालाच सांगावं लागे. दोन्हीकडचा राग आधी त्याच्या कानात पडायचा आणि पुढे जाताना त्यातलं विष गळून जायचं. हे काम शाळेत शिकता येत नसे. वर्षानुवर्षं मोठ्यांच्या शेजारी बसून, ऐकून यायचं.

म्हणून आम्ही ठरवलं की पालकांच्या दिवशी दरबार भरवायचा. चीफ ओवुसू सर, आणि वक्ता ईश्वरी. मला वाटलं ती नको म्हणेल. तिने मान डोलावली. मी विचारलं, जमेल ना, एवढ्या लोकांसमोर बोलायचंय. एरवी ती माझ्याशीही इंग्रजीत बोलायची. तेव्हा मराठीत म्हणाली, "मिस, घरी मी हेच करते."

मग थोडं थोडं करून तिने सांगितलं. आई-बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. पुष्कळ दिवस झाले. भांडत नाहीत, मारझोड नाही, नुसते बोलत नाहीत. बाबांना सांग जेवण वाढलंय. आईला सांग मला उशीर होईल. ती या खोलीतून त्या खोलीत निरोप नेते. जसाच्या तसा नेत नाही, जरा बरा करून नेते. इतिहासाच्या बाईला दुसऱ्याच्या घरातलं मेलेल्या माणसांपुरतंच कळतं. मी तिला डब्यातला खजूर दिला.

तालमी स्टाफरूममध्ये झाल्या. ओवुसू सर पुटपुटले, चहा थंड आहे. ईश्वरीने काठी आपटून जाहीर केलं की चीफ आपल्या पाहुणचाराने संतुष्ट आहेत आणि एखादा कप गरम मिळाला तर त्यांचा संतोष पूर्ण होईल. चहा ताबडतोब आला. सर मला म्हणाले की या शाळेत आल्यापासून त्यांना पहिल्यांदा गरम चहा मिळाला.

दरम्यान मॅडमनी चीफसाठी वेशभूषा आणली. हिवाळ्यात इथे बिबट्याच्या ठिपक्यांची जाडजूड ब्लँकेटं सगळ्या दुकानांत मिळतात, त्यांतलंच एक. ओवुसू सरांनी ते घडी करून नम्रपणे परत दिलं. मॅडमनी पुन्हा दिलं. सर म्हणाले, त्यांच्या आजीच्या गावचा चीफ शिकलेला माणूस होता आणि उन्हाळ्यात ब्लँकेट पांघरत नव्हता. दोन दिवस दोघंही माझ्याकडे येऊन दुसऱ्याबद्दल बोलत होते. शेवटी मी ते ब्लँकेट चीफच्या खुर्चीवर अंथरलं. चीफ बिबट्यावर बसला, बिबट्या चीफवर नाही, आणि फोटोत बिबट्या आला. दोघांचं समाधान झालं.

पण खरी अडचण वेगळीच आली. ईश्वरीच्या वडिलांनी, डॉ. बिराजदारांनी, मॅडमना फोन केला. ते सरकारी इस्पितळात हाडांचे सर्जन. स्वतः लातूरला दिवसरात्र घोकून डॉक्टर झालेले, आणि मुलीलाही तसंच करायचं होतं. तिला गणितात मार्क कमी पडले होते. त्यांनी विचारलं की शाळा मुलांना शिकवते आहे की काठ्या धरून उभं करते आहे, आणि हे बंद झालं नाही तर ते इथल्या शिक्षण मंत्रालयात तक्रार करतील. मॅडमनी मला बोलावून सांगितलं की माझ्या करारनाम्याचं नूतनीकरण याच महिन्यात आहे, हे मी लक्षात ठेवावं. इथे नोकरी गेली की पाठोपाठ इकामा जातो, म्हणजे राहायचा परवाना. घरी हे सांगितलं तर नवरा म्हणाला, नेपोलियनवर काहीतरी करायचं होतंस.

पण आमंत्रणं गेली होती आणि ईश्वरीने आईच्या सहीची परवानगीची चिठ्ठी आणली होती, म्हणून दरबार रद्द झाला नाही. पालकांच्या दिवशी हॉल भरला. ओवुसू सर निळ्या कोटात बसले होते. त्यांच्याकडे चीफवर मोठी छत्री धरतात, म्हणून एक मुलगा कँटीनची छत्री धरून उभा होता. तिच्यावर आइस्क्रीमची जाहिरात होती. ईश्वरीच्या हातात पोछ्याचा दांडा, त्याला सोनेरी कागद. पहिले दोन-तीन प्रसंग छान झाले. बकाल्यावाल्याच्या मुलाने मिठाचा भाव पडल्याची फिर्याद आणली, ईश्वरीने ती अशी मांडली की लोकांना त्याची दया आली.

तेवढ्यात दार उघडून डॉ. बिराजदार आत आले. इस्पितळाच्या कपड्यांतच. मधल्या वाटेने सरळ मॅडमकडे निघाले आणि मोठ्या आवाजात बोलू लागले. मॅडम उठल्या, बसल्या, माझ्याकडे पाहू लागल्या. ओवुसू सरांनी नुसता हात वर केला. हॉल शांत झाला. ईश्वरी दोन पावलं पुढे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण दांडा सरळ होता.

"बाबा, चीफ थेट बोलत नसतात. काय सांगायचं ते मला सांगा," ती इंग्रजीत म्हणाली.

डॉक्टर इंग्रजी सोडून लातूरवर आले. "बॅग घे अन् चल घरी. काय सोंगं करायलेत हे? गणितात मार्क पडेनात अन् तू दांडा धरून उभी. ह्या तुमच्या मिसला काही कळतंय का? सगळं वर्ष वाया घालवायलीस."

हॉलमध्ये मराठी समजणारी माणसं दोन-चारच, त्यांत मी. ईश्वरी चीफकडे वळली आणि स्वच्छ इंग्रजीत बोलू लागली. म्हणाली, हे माझे वडील, ते लोकांची हाडं जोडतात. आज कामावरून सरळ इथे आलेत, बहुतेक जेवलेही नाहीत. ते लहान असताना फार कष्टाने शिकले. माझं एकही वर्ष वाया जाऊ नये असं त्यांना वाटतं, आणि माझ्या गणिताची त्यांना काळजी वाटते. मग जरा थांबून म्हणाली, आमच्या मिसचीही त्यांनी चौकशी केली.

डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. लोकांनी आदराने त्यांच्याकडे वळून पाहिलं. कोणीतरी त्यांना पाहुण्यांसाठी ठेवलेले वेफर दिले, ते त्यांनी नकळत हातात घेतले.

आणि मग दारापाशी उभी असलेली एक बाई बोलली. तिच्या अंगावर लॅबचा पांढरा कोट होता. ही ईश्वरीची आई, फरवानियातल्या एका क्लिनिकमध्ये रक्त तपासते. ती मघापासून तिथे होती हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांकडे न बघता ती म्हणाली, "ईश्वरी, बाबांना सांग, लोक बघतायत."

डॉक्टर म्हणाले, "आईला सांग, मला न विचारता तिनंच परवानगी दिलीय."

ईश्वरी मधे उभी. एका बाजूला आई, एका बाजूला बाबा, हातात दांडा. ओवुसू सर खुर्चीतून वाकून तिच्या कानात काहीतरी पुटपुटले. तिने मान खाली घालून ते पूर्ण ऐकलं. मग ती वळली आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर, मोठ्याने, मराठीत बोलली.

"चीफ म्हणतात, वक्ता फक्त चीफसाठी असतो. घरातल्या माणसांनी एकमेकांशी स्वतः बोलायचं. वक्त्याला त्रास होतो."

शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला. हॉलमधल्या लोकांना वाटलं हा कार्यक्रमातला भाग, आणि त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. डॉक्टर जवळच्या बुटक्या स्टुलावर बसले. ती जागा गावातल्या वडीलधाऱ्यांसाठी ठेवली होती. मॅडमनी फोटो काढला. तो पुढे शाळेच्या माहितीपत्रकात 'पालकांचा उत्साही सहभाग' म्हणून छापून आला, आणि माझ्या करारनाम्याचं कोणी पुन्हा नाव काढलं नाही.

सगळं आटोपल्यावर मी ओवुसू सरांना विचारलं की तुम्ही तिच्या कानात इतकं नेमकं काय सांगितलंत. ते ओशाळले. म्हणाले, पायाला मुंग्या आल्या होत्या, लवकर संपव असं सांगितलं. मग तिने काय जाहीर केलं, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ कोटाची बटणं चाचपत राहिले.

"कोणी विचारलं तर," ते म्हणाले, "मी तेच म्हणालो होतो असं सांगा."

फाटकापाशी डॉक्टर माझ्यासमोर आले. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, मॅडम, मी तुमची चौकशी केली म्हणे. मी म्हटलं, हो, मी बरी आहे. त्यांच्या मुठीत अजून वेफर होते, त्यांतला एक त्यांनी मला दिला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. डॉक्टर पुढे गेले, त्यांच्यामागे आई, आणि सगळ्यांत मागे ईश्वरी. रस्त्याच्या कडेला आई थांबली, सवयीने मागे वळली आणि तोंड उघडलं. ईश्वरी खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. नाडी सुटलेली नव्हती, मला फाटकातून दिसत होतं. तिने ती सोडली आणि पुन्हा सावकाश बांधायला घेतली.

आई वाट बघून बघून पुढे वळली.

"गाडी कुठे लावलीय?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी एकदा लेकीकडे पाहिलं. तिची मान खालीच होती.

"मशिदीच्या मागं," ते म्हणाले. "ऊन लई आहे. तू थांब इथंच, मी घेऊन येतो."